तोफ न डागलेला माणूस

शाळेच्या पटांगणावर शामकांत गुरुजींनी फलक लावला होता: 'शत्रूच्या जहाजांवर तोफ डागणारे वीर, कारभारी आबा.' अक्षरं हातभर मोठी. चार डिसेंबर, नौदल दिन. कारभारीनं तो फलक दोनदा वाचला, कारण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यानं एकदाही तोफ डागली नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत तो मुंबईच्या गोदीत नौदलाच्या कोठारावर होता. पोती, पेटारे, सुटे भाग.

थाप त्यानं मारलेली नव्हती. बहात्तर साली तो सुट्टीवर आला, तेव्हा बापानं पारावर मारली आणि हा बाजूला बसून भाकरी खात राहिला. एवढाच गुन्हा. पण ते गप्प बसणं त्रेपन्न वर्षं चाललं आणि दर सव्वीस जानेवारीला गळ्यात हार पडत गेला. गावाला तोफ लागते. तोफेपर्यंत तेल कुणी पोचवलं, खलाशाच्या ताटात डाळ कुणी पोचवली, हे विचारायची गावाला लाज वाटते. भूक मात्र रोज लागते.

एरवी त्यानं आणखी एक हार घालून घेतला असता. यंदा अडचण नातीची होती. ज्ञानेश्वरी राहुरीला शिकली, नौदलाची मुलाखत पास झाली, अधिकारी म्हणून पत्र आलं. पण शाखा रसदीची. महिनाभर पोरगी तोंड पाडून बसली होती. होकार की नकार, आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"आबा, तुमी तोफ चालवली," ती सकाळी म्हणाली होती. "आन म्या किराणा मोजू? गाव हसंल. नको म्हनून कळवते."

तो टोपी चढवून तसाच शाळेकडं निघून आला होता.

गुरुजींनी माईक त्याच्या हातात दिला आणि कानाशी म्हणाले, "तोफेचा प्रसंग जरा रंगवून सांगा. पोरांना आवडतो."

"तोफ म्या डागली न्हाई," कारभारी माईकमध्ये म्हणाला. "लांबनं बघितली. पुसलीसुदिक न्हाई."

लोक हसले. गुरुजीही हसले. "किती हा विनय, कारभारी."

"विनय न्हाई, गुरुजी. फलक उतरवा तेवढा."

हसू थांबलं. पुढच्या खुर्चीवरून सरपंच भागवत म्हणाला, "मग आबा, इतकी वर्सं हार कशाचे घेतले?"

"फुकटचे. आता ज्याचा मिळायला पायजे हुता, त्ये ऐक."

आणि तो सांगत सुटला. "लढाई संपली. जहाजं बंदरात आली, बँड वाजला. आमच्या कोठारात काय आलं? पेटारे. घाईघाईत तीन जहाजांच्या पंपांचे वॉशर एकात एक मिसळल्याले. दिसायला सगळे सारखे, मापात केसाचा फरक. आन एक जहाज धक्क्याला उभं. तोफा जाग्यावर, खलाशी जाग्यावर, पन त्याच्या मापाचा वॉशर घावंना. येवढं धूड, जागचं हलंना. आमी पाच जनांनी एकोणचाळीस दिवस वॉशर निवडले, बाया तांदूळ निवडत्यात तसे. चाळिसाव्या दिवशी जहाज हाललं. तवा बँड न्हवता."

"म्हंजी लढाई संपल्यावर तुमी वॉशर निवडत बसले?" भागवतनं विचारलं.

"व्हय. मग आमच्या सायबानं भिंतीवर नकाशा टांगला. म्हनला, सगळा माल मुंबईत हाय, उद्या कुनी मुंबईचंच तोंड दाबलं तर? मग कोचीला काय ठिवायचं, विशाखापट्टणमला काय, कंचं जहाज किती दिवस भाईर ऱ्हाईल, ह्ये सगळं तिथं बसून ठरलं. पुढची लढाई कुठवर लढायची, त्ये तोफवाला ठरवत न्हाई, भागवत. कोठार ठरवतं."

मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कारभारीनं नातीकडं बघायचं टाळलं आणि खाली उतरून छबूबाईशेजारी बसला.

"सांगितलंत एकदाचं," बायको म्हणाली.

"तुला ठावं हुतं?"

"लग्नाच्या वर्सापासनं. तोफ चालवनारा मानूस मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावतो व्हय? आन वर सांगतो, हळद आठ दिवस पुरंल."

"मग बोलली का न्हाईस?"

"हार तुमाला बरा दिसायचा."

ज्ञानेश्वरी खुर्च्यांमधून वाट काढत आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज भांडायचा होता. "आबा, तुमी आदी का न्हाई सांगितलं? महिना गेला माझा."

"चुकलो."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "सगळे सारखे दिसायचे, तर त्ये वॉशर वळखायचे कसे?"

"अंगठ्यानं. काठावरनं फिरवायचा. डोळा फसतो, अंगठा न्हाई."

तिनं स्वतःचा अंगठा पाहिला, मोबाईल काढला आणि त्याच अंगठ्यानं होकार कळवून टाकला.

जायला अजून महिना होता, तरी संध्याकाळीच तिची ट्रंक ओसरीवर आली. "जे आदी लागंल, त्ये शेवटी भर," कारभारी म्हणाला, "म्हंजी वर ऱ्हातंय."

"तुमी नुसतं बसा," ती म्हणाली आणि सामानाला लावायला कागदाच्या चिठ्ठ्या फाडू लागली.

छबूबाईनं कपाळावर हात मारला. "घरात एक हुता, आता दोन झाले."