गादीवाल्याचा हात आणि माझे दात

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. बिडाची, लाल, पोटात अंधार आणि तोंडात दात असलेली. दात म्हटल्यावर हसू नका. एकजण हसला होता, त्याचीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझ्यासाठी वितळवलेला रस इतका तापला होता की शेजारच्या कोंबड्यांनी त्या दिवशी उकडलेलीच अंडी घातली. मी पाहिलं नाही, पण ओतारी सांगत होता, आणि तो फारसा खोटं बोलत नसे. त्यानेच माझ्या तोंडाच्या आत पोलादी पट्ट्यांची एक रांग बसवली. काही आत सरकलं की पट्ट्या झुकून वाट देतात, बाहेर ओढलं की आवळतात. तार घालून पत्रं चोरणाऱ्यांसाठी ही सोय. "येणाऱ्याला नमस्कार, जाणाऱ्याला चावा," असं म्हणून ओताऱ्याने माझ्या गालावर थाप मारली. बाहेरून हे दात कुणाला दिसत नाहीत.

मला रस्त्याच्या वळणावर उभं केलं. तिथे मी किती पत्रं गिळली म्हणून सांगू! नवीन लग्न झालेल्या मुली पाकिटावर हात फिरवून मग ती माझ्या तोंडात टाकत. "या पेटीत पडलं म्हणजे पोचलंच समजा," असं लोक म्हणत, आणि मी उन्हात आणखी लाल होत असे.

माझं पोट रोज उघडी तो उंटकाका. लांब मान, उंच पाय, पाठीवर पिशवीने आलेला बाक, म्हणून हे नाव. तो माझ्या बिजागरीत तेल घाली आणि म्हणे, "काय बाई, आज पोट भरलेलं दिसतंय!"

मग त्याच्या जोडीचा पोस्टमन निवृत्त झाला. साहेबांनी त्याच्या जागी कुणी नेमलंच नाही. त्याचाही सगळा भाग उंटकाकाच्या पाठीवर आला. असं सगळ्याच पोस्टमनांचं झालं. "माणसं द्या," म्हणून ते संपावर गेले. ऑफिसच्या फाटकाशी त्यांनी मांडव घातला आणि पेट्यांच्या किल्ल्या एका कड्यात ओवून तिथे टांगल्या. सगळ्यांचे हात वर झाल्याशिवाय एकही किल्ली काढायची नाही, असा त्यांचा नियम.

आत गेलेलं टपाल माझ्या पोटात अडकलं आणि लोकांचं डोकं फिरलं. कुणी मला हलवलं, कुणी लाथ घातली. शिंपीणमावशीने तर छत्रीचं टोक खुपसलं.

"माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत! येऊ का, एवढंच विचारलंय मी तिला. आणि पत्र या डबड्याच्या पोटात!"

चष्मे विकणारे आजोबा म्हणाले, "अगं, भांडायचं तर ऑफिसात जाऊन भांड. पेटीने काय घोडं मारलंय?"

"ऑफिस लांब आहे आजोबा. पेटी हाताशी आहे."

लोखंडाला गंज चढतो, पण विसर पडत नाही.

या सगळ्यांत मोठ्या घशाचा होता समोरचा गादीवाला. उंटकाका मांडवाकडे निघाला की हा दारात येऊन ओरडे, "फुकटे! कामचुकार!" एकदा तर तो उंटकाकाच्या पायाशी थुंकला. उंटकाकाने चप्पल मातीला घासली आणि तो निघून गेला. त्याच्या वतीने मीच बोलायचं ठरवलं.

संधी चालून आली. एके दिवशी गादीवाल्याने साऱ्या गल्लीला ऐकवलं, "या पेटीचं तोंडच बुजवतो! बुजलेली पेटी ऑफिसवाले भंगारात काढतात. मग त्या जागेवर माझ्या गाद्या मांडीन."

भंगार म्हणजे पुन्हा भट्टी, मित्रांनो.

दुपारी गल्ली झोपलेली असताना तो घमेलंभर प्लास्टर कालवून आला. "पेटीला काय दात असतात?" असं म्हणून हसला. थापी आत पोचेना, म्हणून त्याने बाही वर केली आणि प्लास्टरचा गोळा मुठीत धरून हात मनगटापर्यंत आत घातला.

मी नमस्कार केला. त्याने हात ओढला. मी चावले.

जितका ओढी तितक्या पट्ट्या आवळत, आणि वर प्लास्टर सुकायला लागलेलं. तो असा किंचाळला की आजोबांच्या दुकानातलं घड्याळ उलटं फिरलं म्हणतात. गल्ली गोळा झाली. आधी सगळ्यांनी त्याला कमरेला धरून ओढला. मग मावशीला माझ्या ओठावरचं प्लास्टर दिसलं.

"अरे मेल्या! आत माझं पत्र आहे! आमच्या पत्रांवर चिखल ओततोस?"

झालं. इतके दिवस राग काढायला माणूस सापडत नव्हता. आता सापडला होता आणि त्याला पळताही येत नव्हतं.

"कामचुकार दुसऱ्याला म्हणतोस? तुझी गादी बघ! एकीकडे डोंगर, एकीकडे दरी!"

"माझ्या गादीतून तर जुना मोजा निघाला!"

"मावशी, किल्ली आणा हो," गादीवाला रडू लागला.

मावशी छत्री घेऊन लांबच्या त्या ऑफिसात गेली. मांडवात भराभर हात वर झाले. उंटकाकाचे तेवढे खिशात.

"हात शाबूत आहे ना त्याचा?" त्याने विचारलं.

"आहे. नुसता रडतोय."

"मग थोडं रडू दे."

तो पाणी प्यायला, निवांत चपला घातल्या, मग हात वर केला. तेवढ्यात मावशीने साहेबांच्या खिडकीवर छत्री आपटून विचारलं, "एका पाठीवर दोघांचं ओझं? तुमच्या घरी एकाच बैलाला दोन नांगर जुंपतात का?" मागून आमची गल्लीही फाटकावर जमली. इतके दिवस मला बसलेल्या लाथा त्या फाटकाला बसल्या.

उंटकाका माझ्यापाशी आला. "मला काय म्हणत होतास रे?"

"फु... फुकट्या."

"आणि?"

"कामचुकार. चुकलो हो दादा!"

"आता हेच उद्या मांडवात येऊन सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मग त्याने माझं दार उघडून आतून पट्ट्या सैल केल्या. एक दात मी मुद्दाम उशिरा सोडला.

गादीवाल्याला मांडवात माफी मागावी लागली, आणि माझं तोंड त्यानेच छिन्नीने टवका टवका साफ केलं. साहेबांनी दुसरा माणूस नेमला, संप मिटला. मावशीच्या लेकीचं उत्तर आलं, "लगेच ये." मला भंगारात काढायचं आता कुणी नाव काढत नाही.

मित्रांनो, टपालपेटी जपा. तिच्यात कचरा टाकू नका, तिला लाथा घालू नका. आणि जो रोज तुमच्या दारी येतो, त्याच्या पायाशी थुंकू नका. मोठ्या मनाच्या वस्तू क्षमा करतात म्हणे. माझं मन बिडाचं आहे.

गादीवाला अजून पत्र टाकायला येतो, पण स्वयंपाकघरातल्या चिमट्यात धरून, हात लांब करून. परवा चिमटा विसरला होता. बोटं जवळ आणली, तशी मी तोंडावरचं झाकण नुसतं एकदा वाजवलं.

पत्र दातात धरून तो घरी पळाला, चिमटा आणायला.