सँडपायपरचा नवा कमांडर

कमांडर अँब्रोज ट्रेगेलस सात वर्षं गॉस्पोर्टला अर्ध्या पगारावर हात चोळत बसला होता. आरमारात अधिकारी उदंड, जहाजं मोजकी. वरचा कोणी गेल्याशिवाय खालच्याचा नंबर लागत नसे. म्हणून दर गुरुवारी जेवताना अधिकारी पेले उंचावून म्हणत, "एखादी घनघोर लढाई होवो, नाहीतर साथ तरी येवो!" आणि पोट धरून हसत. अँब्रोजही हसे. मरणारा कोण, याचा विचार कोण करतो!

त्या सकाळी ॲडमिरलने त्याला बोलावलं. बोलावणं म्हणजे जहाजच, असं धरून त्याच्या बायकोने, लव्हिनियाने, गल्लीभर बातमी केली.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तापाने एक जागा रिकामी झाली, असं ॲडमिरल म्हणाला तेव्हा अँब्रोजला आनंद झाला होता. नाव त्यानंतर आलं. गेला होता तो शेजारचा ह्यू पॅस्को, त्याचा जिवाभावाचा मित्र. आणि तरीही अँब्रोजने हो म्हटलं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. ह्यूच्या घरी कळवायला पाद्री संध्याकाळी जाणार होता.

तो घरी आला तर बैठकीत ह्यूची बायको कॉर्डेलियाच बसलेली, आल्याचा गरम केक घेऊन.

"या, या, कमांडर! आता आम्हा गरिबांना ओळख तरी द्याल ना?"

"अगं, त्यांना आधी बसू तर दे," लव्हिनिया म्हणाली. आनंदाने रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "अहो, तोंड का असं उतरलंय? नाही म्हणून आलात की काय?"

"हो म्हणालो."

"मग कुठे जायचं?"

"आफ्रिका."

कॉर्डेलियाने टाळीच वाजवली. "मग ह्यू भेटेल की! त्याच्यासाठी मोजे विणलेत, तेवढे न्या हं. आणि त्याला म्हणावं, पत्र लिहायला हात दुखतात का? जहाज कुठलं पण?"

पाद्री येईपर्यंत काहीतरी थाप मारता आली असती. पण तिच्या हातचा केक खात थाप मारायची, हे अँब्रोजला जमेना. त्याने टोपी काढली.

"सँडपायपर."

"अहो, ते तर ह्यूचं!" कॉर्डेलिया हसली. लव्हिनिया मटकन खुर्चीत बसली. कॉर्डेलियाने तिच्याकडे पाहिलं, मग अँब्रोजच्या हातातल्या टोपीकडे. मग सुरी उचलून तिने केकचा मोठा तुकडा कापला आणि त्याच्या बशीत ठेवला.

"खा ना," ती म्हणाली. "गार होईल."