एका माणसापुरती चूल

"बाही आणखी वर घ्या, संभाजीराव," मी म्हटलं. त्या ओढाताणीत त्यांच्या शर्टाच्या खिशातून कडुलिंबाची वाळकी डहाळी माझ्या टेबलावर पडली. त्यांनी ती घाईनं उचलून पुन्हा खिशात घातली.

"घरात कुणी आजारी?" फॉर्मवरचा नेहमीचा प्रश्न मी विचारला.

"न्हाई. समदी ठणठणीत."

संभाजीराव मूळचे विट्याकडचे. जोहरी बाजारात सोनं गाळण्यात वीस वर्षं गेली, पाठोपाठ किडन्याही गेल्या. चार महिन्यांपूर्वी बायकोनं, सुवर्णाबाईंनी, आपली एक दिली. ही नवी किडनी शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती मंदावून ठेवावी लागते. पाहुणा आत यावा म्हणून कुत्रा बांधला, की चोरालाही दार मोकळं. अशा लोकांच्या रक्तात त्या चोरांना, म्हणजे विषाणूंना शोधणं हे माझं काम. जयपूरच्या या इस्पितळात अकरा वर्षं तेच करते आहे. आई सगळ्यांना सांगते, "भार्गवी डॉक्टर आहे, पण औषध देत नाही." खोटं नाही ते.

ती डहाळी मात्र माझ्या डोक्यातून जाईना. वडिलांची बँकेतली बदली जयपूरला झाली, त्या वर्षी मला कांजिण्या आल्या होत्या. तेव्हा शेजारच्या बाईंनी आमच्या दारावर असाच कडुलिंब बांधला होता, आणि आईनं 'आजार' म्हणताच, 'माताजी आल्यात म्हणा' असं सांगत तिच्या तोंडावर हात ठेवला होता. माझ्या भुवईवर त्या कांजिण्यांचा वण अजून आहे.

"संभाजीराव, घरी माताजी आल्यात का?"

"आल्यात की." त्यांचा चेहरा खुलला. "नातीच्या अंगावर. ईश्वरीच्या. चार दिस झालं, मांडीवरनं उतरत न्हाई बगा."

"मग मघाशी कुणी आजारी नाही म्हणालात?"

"आजारी कुटं? माताजी आल्यात."

माणूस खोटं बोललाच नव्हता. फॉर्म मी केला होता, प्रश्न माझा होता, आणि अकरा वर्षांत त्याला पडलेलं भगदाड मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

फ्रीजरमध्ये त्यांचं ऑपरेशनच्या आधीचं रक्त होतं. दुपारपर्यंत तपासून झालं. या माणसाला जन्मात कांजिण्या झालेल्या नव्हत्या. आपल्याला खाजवून सोडणाऱ्या कांजिण्या अशांच्या थेट फुप्फुसात उतरतात, मग किडनी राहू द्या, माणूसही हाती लागत नाही. मी किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. तीन आठवडे गोळ्या आणि तोवर नातीपासून दूर मुक्काम, असं त्यांनी लिहून दिलं.

संभाजीराव हात जोडून उभे राहिले. "न्हाई ताई. माताजी घरात हाय तवर औषधाचं नाव न्हाई. पोरीवर कोपली तर?"

"औषध पोरीला नाहीच. तुम्हाला आहे. तुमच्या अंगावर कुठं आलीये ती?"

"घर तर एकच हाय न्हवं?"

समजावून समजावून माझा घसा सुकला. सुवर्णाबाई बाकावर बसून ऐकत होत्या. दारावर कडुलिंब त्यांनीच बांधला होता. त्या उठल्या, माझ्या हातातली गोळी घेतली आणि नवऱ्यापुढं धरली.

"माज्याकडं एकच हुती द्यायला," त्या म्हणाल्या. "ती दिली. दुसरी मागाया येऊ नगा."

संभाजीरावांनी पाणी मागितलं.

ते शहरातल्याच सोडाला भागात एका गाववाल्याच्या खोलीवर जाऊन राहिले. त्याच संध्याकाळी मी फॉर्मवर नवा प्रश्न लिहिला: घरी माताजी आल्या आहेत का? दर तीन दिवसांनी त्यांचं रक्त यायचं आणि दर वेळी रिपोर्ट उघडण्याआधी मी डोळे मिटून हात जोडायची. संशोधक बाईनं असं करू नये म्हणतात. न करता राहून बघा एकदा माझ्या खुर्चीत बसून.

एकविसाव्या दिवशी खिडकीपाशी उभं करून मी त्यांची पाठ, पोट, मान, सगळं न्याहाळलं. एक पुटकुळी नाही. रक्तात विषाणू नाही. नातीच्या खपल्या केव्हाच पडून गेल्या होत्या. मी उगीचच हसत सुटले. गेले तीन आठवडे मी नीट जेवलेही नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि तसं मी बोलूनही गेले.

"मग हे खावा," म्हणत सुवर्णाबाईंनी डबा पुढं केला. कालच्या पुऱ्या आणि दहीभात. माताजीचा सण, शीतळाष्टमी होती. जयपुरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड अन्न माताजीला दाखवून घरादारानं तेच खायचं. शिळं मात्र संभाजीरावांना बंद होतं, मीच बजावलं होतं.

"यांनी नाही ना खाल्लं?" मी दचकून विचारलं.

"न्हाई. त्यांच्यापुरती सकाळी भाकरी टाकली, खोलीवर निऊन दिली."

"आज? चूल पेटवलीत?"

"माताजीला सांगितलं मी. म्हटलं, आई, एका माणसापुरती पेटवते. राग आला तर माज्यावर काढ."

आम्ही बाहेर आलो. बाकावर बसून मी थंड पुरी खाऊ लागले. संभाजीरावांनी बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावायला हात बायकोपुढं धरला.