लाँड्रीवाल्याला काढायची सभा

आमच्या गल्लीतला लाँड्रीवाला कपड्यांना चिठ्ठी लावत नसे. "कॉलर बघितली की मान ओळखतो," म्हणायचा. ओळखायचाही, पण दुसऱ्याचीच. एकदा डॉक्टरांचा पांढरा कोट न्हाव्याकडे गेला, तर न्हाव्यापुढे तीन माणसं जीभ काढून बसली. दोघं बरीही झाली. खोटं वाटत असेल तर तिसऱ्याच्या बायकोला विचारा.

कपडे बदलून घ्यायला लोक शिव्या घालतच एकमेकांच्या दारी जात. पण दारात उभं राहून शिव्या तरी किती घालणार? कुणीतरी "बसा" म्हणायचंच.

शेवटी बेकरीवाल्यानं सभा बोलावली. लाँड्रीचा गाळा गल्लीच्या सोसायटीचा. ठराव एकच, लाँड्रीवाल्याला काढा. बेकरीवाला आणि त्याचा सख्खा भाऊ, समोरचा शिंपी, यांच्यात अकरा वर्षं विस्तव जात नव्हता. आणि त्या भावाचीच पँट घालून आपण दिवसभर मिरवलो, हे बेकरीवाल्याला संध्याकाळी कळलं होतं.

लाँड्रीवाल्याचं धाबं दणाणलं. "या वयात आता कुठे जायचं गं?"

"आधी चष्मा करायला जायचं होतं," बायको म्हणाली.

सभेला अख्खी गल्ली लोटली. पाण्यासाठी, दिव्यांसाठी वीस वर्षांत न जमलेली माणसं एका माणसाच्या वाइटावर अशी एकदिलानं जमली, की डोळे भरून यावेत. पुरावा म्हणून जो तो चुकून आलेले कपडे घेऊन आलेला.

"अहो, हा शर्ट माझा!"

"मग बटणं आवरा त्याची. माझ्या पोटावर दोन उडाली."

बेकरीवाल्यानं पँट टेबलावर आपटली. शिंप्यानं ती उलटी करून बघितली. "दादा, शिवण उसवलीस?"

"तू शिवलीसच तशी. श्वास कोंडला माझा."

"पाव विकायचे असतात, खायचे नसतात. आण इकडे, घालतो टीप."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. होतं भांडणच, पण घरचं.

ठराव मताला टाकायची वेळ आली, तसा घड्याळवाला हळूच म्हणाला, "आज पास केला, तर पुढच्या रविवारी जमायचं कशाला?"

माझा पायजमाही अजून सापडायचा होता. ठराव पुढे ढकलला.

याला सात वर्षं झाली. दर रविवारी लाँड्रीवाल्याला काढण्यावर गल्लीचं एकमत होतं आणि सतरंज्या तोच अंथरतो. घरी गेला की बायको विचारते, "काढलं का हो आज?"

"छे! थोडक्यात वाचलो. पुढच्या रविवारी नक्की काढतो म्हणालेत."