ज्याची धूळ त्याच्या दारात

दगड दळायच्या गिरणीचा भोंगा झाला, की गल्लीतल्या बायका दारात येत. कामावरून आलेल्या पुरुषाचे कपडे बाईनं उंबऱ्यावर आपटून झटकायचे, अशी रीत. "धनी पांढरा आला म्हणजे चूल पेटणार," असं सासू म्हणायची आणि झटकता झटकता खोकायची. खोकला हा त्या गल्लीत घरोघरचा पाहुणा. आला की जायचं नाव नाही. सासरा त्यातच गेला. गिरणीचे मालक म्हणाले, विडीनं गेला. लोकांनी माना डोलावल्या. विडीला कुठं तोंड असतं उलटून बोलायला!

त्या दिवशी सून सासूला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला.

"आजी, गिरणीत किती वर्षं काढलीत?"

"मी? अहो, मी तिची पायरीसुद्धा चढले नाही."

"विडी?"

"छे, काहीतरीच!"

"मग ही दगडाची भुकटी छातीत आली कुठून? डोळ्यांना दिसते ती धूळ परवडली. दिसत नाही ती आत रुतते, ती निघत नाही."

घरी आल्या आल्या सासू उंबऱ्यावरची पांढरी धूळ निरखत बसली.

संध्याकाळी नवरा आला, नखशिखांत पांढरा. "बाबा भूत!" म्हणत पोर टाळ्या पिटत धावली. धुळीच्या ढगात नाचायचं, हा तिचा रोजचा खेळ. सुनेनं तिला दंडाला धरून आत ढकललं.

नवऱ्यानं सदरा पुढं केला. "झटक."

"नाही झटकणार. गिरणीत पाण्याचे फवारे आहेत ना? तपासणीचा साहेब आला की चालू, त्याची गाडी वळली की बंद. का?"

"भुकटी ओली होते, मग भाव येत नाही म्हणे. तू नसत्या भानगडीत पडू नकोस. कामावरून काढतील."

"आणि हिची छाती आईंसारखी झाली म्हणजे?"

नवरा बोलायला गेला आणि खोकतच राहिला.

सुनेनं सदऱ्याचं बोचकं केलं, उंबरा ओलांडला.

"थांब!" सासू ओरडली. आता ही अडवणार, असंच सगळ्यांना वाटलं. "माझी चप्पल कुठाय?"

"कुठं निघाली वरात?" शेजारीण हसली.

"झटकायला!" सासू म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचाही सदरा घे."

मालक गिरणीतल्या काचेच्या गार खोलीत चहा पीत होते. सुनेनं दार ढकललं आणि सदरा असा झटकला, की टेबल, कागद, चहा, सगळं पांढरं झालं.

मालकांनी नाकाला रुमाल लावला. "वेड लागलंय का? जीव घुसमटतोय माझा!"

"आमचाही घुसमटतो. फवारे सुरू होईपर्यंत कपडे रोज इथंच झटकणार."

"तुझ्या नवऱ्याला उद्यापासून—"

"एकट्याला कशाला? बाहेर बघा, आणि मग सगळ्यांनाच काढा. दगड तुम्हीच दळा."

काचेबाहेर बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात सदरा.

मालक बोलायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना.

सासूनं पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्या काळजीनं विचारलं,

"विडी ओढता वाटतं, मालक?"