चिंच, मीठ आणि रांगोळी

समई घासते तशीच मी सायलेन्सर घासत होते. आधी चिंचेचा कोळ, वर मूठभर मीठ, मग रांगोळी आणि काथ्या. जून महिना, सकाळचे साडेसात, आणि दुबईजवळच्या अजमानची हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून मी वैतागले होते. पण गंजाचे ठिपके सुटत होते. बादलीतलं पाणी ओतलं तशी नळी लखकन चमकली आणि मी स्वतःवरच खूश झाले. पाच वर्षं माझ्या नवऱ्याने या मोटरसायकलचे जे लाड चालवले होते, त्यात एवढं होतं तरी काय? तासाभराचं तर काम!

त्या गाडीला मी सवतच म्हणायचे. मरून रंगाची जपानी गाडी, देवदत्तने २००४ साली जुनीच घेतलेली. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी पोहे करून वाट बघायचे आणि हा खाली पार्किंगमध्ये. आधी नुसतं पाणी सोडून वाळू धुवायची, मग शाम्पू, मग मेण. टाकीला एक कपडा, क्रोमच्या चकचकीत भागांना दुसरा. माझे दोन चांगले मऊ दुपट्टे त्यात गेले. ऑफिसात तो बांधकामाच्या मालाचा हिशेब करणारा, बॉसपुढे मान वर न करणारा क्वांटिटी सर्व्हेयर होता, पण पार्किंगमध्ये त्याचा शब्द चालायचा. इमारतीतले पठाण, मल्याळी, सगळे येऊन विचारायचे, “देवसाब, मेरा हँडल काला पड गया, क्या करूँ?” आणि देवसाब उकिडवे बसून दाखवायचे. मी बाल्कनीतून बघायचे. चिडायचे, आणि खोटं कशाला सांगू, मनातून बरंही वाटायचं.

मग २००८च्या अखेरीस मंदी आली आणि दुबईत सगळं कोसळलं. त्याच्या कंपनीचा टॉवर चौदाव्या मजल्यावर थांबला. मे महिन्यात त्याच्या हातात पत्र पडलं, व्हिसा रद्द झाला, देश सोडायला तीस दिवस मिळाले. त्या दिवसापासून देवदत्त खाली उतरला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दाढी नाही, धड जेवण नाही. आमची पर्णिका दारात उभी राहून विचारायची, “बाबा, आर यू ओके?” तो नुसता हं म्हणायचा.

सामानसुमान मी विकलं. गाडी तेवढी उरली. रविवारचं विमान होतं आणि शुक्रवारी दहा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. चार आठवड्यांची वाळू आणि खारी हवा बसून गाडीची पार रया गेलेली. दुकानवाला साफ करायचे दोनशे दिरहम मागत होता, म्हणजे आपले सव्वीसशे रुपये. मी म्हटलं, हात मोडलेत का माझे? गाडी विकली जायला हवीच होती. पण मला खरी आस वेगळीच होती. चकचकीत गाडी बघून हा माणूस एकदा तरी उठून उभा राहील. पुन्हा पहिल्यासारखा दिसेल.

नऊ वाजता मी वर जाऊन त्याला हलवलं.

“देव, खाली चल. बघ तर काय केलंय मी.”

“नको गं.”

“पाच मिनिटं. माझ्यासाठी.”

आला बिचारा. लिफ्टमध्ये मी हसत होते. पण पार्किंगमध्ये पोचलो आणि माझं हसू उतरलं. ओलं होतं तोवर लखलखत होतं. आता ऊन पडून सगळं वाळलं होतं आणि सायलेन्सर, मडगार्ड, हँडल, सगळीकडे गोल गोल चरे दिसत होते. मधूनमधून चिंचेचे तपकिरी ओघळ.

देवदत्त खाली बसला. त्याने चऱ्यांवरून हळूच बोट फिरवलं.

“कशानं घासलंस?”

“चिंच, मीठ. आणि... रांगोळी थोडी.”

“रांगोळी,” तो म्हणाला.

“देवाची भांडी कशी निघतात त्यानं! मला वाटलं...”

“ते पितळ असतं, विभा. आतून बाहेरून सारखं. क्रोम म्हणजे नुसती साल असते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. एकदा चरा पडला की पडला.”

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. त्याने खिशातला रुमाल काढला, ओला केला आणि ओघळ पुसायला सुरुवात केली. चार आठवड्यांनी त्याचा हात गाडीला लागत होता. ओघळ गेले. चरे तसेच राहिले.

दहाला कमरुद्दीन आला. शारजा औद्योगिक क्षेत्रात त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्याने इंजिन चालू करून बघितलं, टाकीवरून हात फिरवला, मग वाकून सायलेन्सर बघितला आणि मान हलवली. तोवर शुक्रवारचे रिकामे शेजारी जमले होते. देवदत्तकडे शिकायला येणारेच सगळे.

“ये क्या हाल किया है भाई? किसने घिसा?”

मी तोंड उघडलं.

“मैंने,” देवदत्त म्हणाला.

शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. पलीकडच्या मल्याळ्याने तर चक्क नजर वळवली. मी तिथेच उभी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही. लाज वाटली, भीती वाटली, काय वाटलं कोण जाणे. आजही मला स्वतःला माफ करता येत नाही.

कमरुद्दीनने भाव पाडला. देवदत्तने ‘खलास, ले लो’ म्हणून किल्ली पुढे केली. सौदा मनासारखा झाला म्हणून की काय, कमरुद्दीनला उपदेशाचा उमाळा आला.

“इतने साल गाडी रखी और इतना नहीं मालूम? क्रोम पे पावडर नहीं मारते. मैं बताता हूँ. हफ्ते में एक बार डीजल. पूरी गाडी पे, टंकी पे भी. फिर सूखे कपडे से जोर लगा के घिसो. एकदम नयी.”

डिझेलवर वाळू चिकटते आणि वर कोरडं फडकं ओढलं की रंग सोलून निघतो, हे त्याच्याच तोंडून ऐकून मलासुद्धा ठाऊक होतं. देवदत्तचे ओठ हलले. पण जाणत्या माणसासारखा एक शब्द जरी तो बोलला असता, तर मग हे घासलं कुणी, हा प्रश्न पुन्हा आला असता.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कमरुद्दीनकडे.

“जी,” तो म्हणाला. “डीजल. याद रखूँगा.”