बोलका ग्रंथ आणि नववा टोला

मोरपीस पानांत शिरलं, शिष्याने तिथे ग्रंथ उघडून नमस्कार केला, घंटेचे तीन टोले पडले. आणि दहा पावलांवर पाठ करून, डोळ्यांना भगवी पट्टी बांधून बसलेल्या ग्रंथानंद महाराजांनी खड्या आवाजात ओवी म्हटली:

"घागर फुटो की राहो । पाणी नाही कुणाचे ।।"

मोरपीस घालणाऱ्या भक्ताने उजव्या पानावरची पहिली ओळ वाचली. अक्षर न् अक्षर तेच! लालबागच्या त्या चाळीचं पटांगण टाळ्यांनी दणाणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कुणीतरी फुलं फेकली. ती शिष्याच्या टकलावर पडली, तोही चमत्कारच मानला गेला.

"चारशे पानं, बाळांनो!" महाराज गरजले. "चारशे! मी वाचत नाही, ग्रंथ माझ्या कानात बोलतो. डॉक्टर फाडतो, ग्रंथ जोडतो! पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न दौलतचा होता. त्याची सोन्याची साखळी हरवली होती आणि चष्मा घरी राहिला होता, म्हणून वाचायला त्याने पुस्तकवाल्या कौसल्याबाईंना पुढे केलं. कौसल्याचं चिवडा गल्लीच्या तोंडाशी पुस्तकांचं दुकान. अशा भजनी तमाशांकडे ती एरवी फिरकायचीही नाही. आज ती आली होती ती चार दिवस इथे येणाऱ्या शेवंतीमावशीचा हात धरून, कारण मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

दौलतने मोरपीस ग्रंथाच्या सुरुवातीलाच खुपसलं. एक टोला.

"उजेड आतला जागवी । बाहेरचा सोडुनी दे ।।"

कौसल्याने वाचलं. तेच होतं. "आतला म्हणजे घरातला!" महाराज म्हणाले. "साखळी घरातच आहे, शोध." दौलत धावतच घरी गेला.

मग मावशी उठली. शिष्याच्या हातावर तिने इतक्या भाबडेपणाने डोकं टेकवलं की कौसल्याला कसंसंच झालं. "महाराज, बेस्तरवारी माझा ऑपरेशन आसा. करू की नको?" मावशीने चाचपडत मोरपीस ग्रंथाच्या पार शेवटी सरकवलं. पुन्हा एक टोला. पुन्हा तीच ओवी.

"एका संध्याकाळी दोनदा! म्हणजे ग्रंथ निक्षून सांगतोय. आई, बाहेरचा उजेड सोडून दे. त्या डॉक्टरच्या सुरीखाली जाऊ नकोस. ग्रंथाला स्पर्श केलेलं हे तीर्थ रोज डोळ्यांत घाल."

कौसल्या वाचायला वाकली आणि तशीच थबकली. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढा छापलेला आकडा होता: ३. दौलतच्या पानावरही तोच होता.

कौसल्याचे वडील घोडपदेवला पुस्तकबांधणी करायचे. आठव्या वर्षापासून ती त्यांच्यासोबत कागद घडी घालायला बसायची. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, घडी घातली की त्याची सोळा पानं होतात; त्याला म्हणायचं फर्मा. बांधणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. पहिल्या फर्म्याला एक, दुसऱ्याला दोन. चारशे पानांच्या ग्रंथाच्या शेवटी पंचवीस असायला हवा. तिथे तीन काय करतोय?

तिला एकदम हसू फुटलं. पदराने तोंड दाबून तिने ते खोकल्यात घालवलं. "भक्तिभाव दाटून आला," शिष्य कौतुकाने म्हणाला.

दुकानात परतल्यावर मात्र तिचं हसू पळालं. मावशीने तीर्थाची बाटली पदरात घट्ट धरली होती.

"ऑपरेशन रद्द, कौसल्ये. ग्रंथान सांगितल्यान."

कौसल्याला आधी ओरडावंसं वाटलं, पण शेवंतीमावशीला ओरडून कुणी काही पटवलेलं नव्हतं. ही बाई म्हणजे दुकानातली सगळ्यात नाठाळ वाचक. रहस्यकथा हातात घेतली की तिसाव्या पानाला खुनी सांगायची, वर लेखकाची अक्कल काढायची. गेले सहा महिने कौसल्याच तिला रोज दुपारी वाचून दाखवत होती.

"बरं, राहिलं," कौसल्या स्टूल ओढत म्हणाली. "आज नवी गोष्ट ऐक. एक जाडजूड ग्रंथ. दिसतो चारशे पानांचा. पण खरा सोळाच पानांचा. तेच सोळा पानांचं बाड पंचवीस वेळा छापून एकावर एक शिवलंय. म्हणजे उजवी पानं किती?"

"आठ," मावशी पटकन म्हणाली.

"आठ ओव्या. माणूस त्या पाठ करतो. पण तो पाठ फिरवून बसलाय, डोळे बांधलेत. आठातली कुठली, ते त्याला कळतं कसं? इथे मी अडकलेय बाई."

मावशीची मान तिरकी झाली. रहस्यकथेत वास लागला की ती अशीच बसायची. मग तिने गुडघ्यावर थाप मारली.

"घंटा!"

"काय?"

"अगो, घंटा! चार दिवस मी थंय बसतंय. माका दिसणा नाय, म्हणून टोले मोजीत बसतंय. एक टोलो पडलो की 'उजेड आतला'. तीन पडले की 'घागर'. पाच पडले की 'नदी उलटी'. तो शिष्य पान बघता आणि टोले घालता!" बोलता बोलता तिने तीर्थाची बाटली दूर सारली. "मेल्यांनी माका फसवल्यानी."

"चार दिवस मोजलेस आणि संशय नाही आला?"

"देवाच्या घंटेर कोण संशय घेतलो?"

"ज्याच्यावर कुणी संशय घेत नाही तोच खुनी, हे मला कुणी शिकवलं?"

मावशी हळूच म्हणाली, "माका सुरीची भीती वाटता गो. तो नको म्हणालो, माका बरा वाटला."

कौसल्याने तिचा हात धरला. "भीती मलाही वाटेल. पण भीतीवर औषध म्हणून खोटं घ्यायचं का? मी येईन तुझ्याबरोबर, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत." मावशीने नाक पुसलं आणि म्हणाली, "आधी त्या बुवाक बघूया."

बुधवारी संध्याकाळी पटांगण पुन्हा खच्चून भरलं. कौसल्याने मोरपीस घेतलं तेवढ्यात मावशी काठी टेकत पुढे आली.

"महाराज, आज घंटेची सेवा मी करतंय."

शिष्याचा चेहरा पडला. "आजी, ती घंटा... मंतरलेली आहे."

"म्हातारीची सेवा घ्या की!" चारी मजल्यांवरून ओरडा झाला. शिष्याला घंटा सोडावीच लागली.

कौसल्याने तीनचा आकडा शोधून मोरपीस घातलं आणि ग्रंथ उघडला. पान 'उजेड आतला'चं. मावशीने मोजून पाच टोले हाणले.

"नदी उलटी वाहील । तेव्हा घरी ये लेक ।।" महाराज गर्जले.

वाचायला या वेळी शेजारचा रघुवीर होता. महाराजांच्या सांगण्यावरून त्याने ब्लडप्रेशरच्या गोळ्या थांबवल्या होत्या. "हे... वेगळंच आहे," तो चाचरत म्हणाला. "इथे उजेड लिहिलंय."

"ग्रंथ रुसलाय! कुणीतरी पापी आलंय मंडपात!"

"समजूत काढतंय," मावशी म्हणाली. पान तेच, टोले सात. महाराजांनी झटकन सातवी ओवी म्हटली. गर्दीत खसखस पिकली. आणि मग मावशीने पदर खोचला आणि घंटा वाजवायला घेतली. गर्दीच मोजू लागली: एक, दोन, तीन... सात, आठ... नऊ!

महाराज गप्प.

पट्टीखालून घामाचा ओघळ आला. कुणीतरी शिट्टी मारली.

"ग्रंथ... मौनात गेला आहे," महाराज पुटपुटले.

"ग्रंथ नाय, तू गेलंस मौनात! आठच पाठ केलंस, नववी खयसून आणतलंस?"

हशाचा असा लोट उठला की गॅलरीचे कठडे हलले. शिष्य ग्रंथ उचलायला धावला, पण कौसल्याने तो आधीच छातीशी धरला होता. तिने पानं उलटत सगळ्यांना दाखवलं: इथे तीन, सोळा पानांनी पुन्हा तीन, पुन्हा तीन. पाठीमागे दौलत ओरडत होता, "आणि माझी साखळी पण घरात नाय मिळाली!"

हसणं ओसरल्यावर मावशी बोलली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"हसताव काय? मी उद्या आंधळी झालंय असतंय. ह्यानी नाय, माझ्या भीतीन केल्यान असता. ज्याका ज्याका ह्यान औषध बंद करूक सांगितल्यान, त्यांनी हात वर करा. लाजू नकात, मी पयलो करतंय."

तिने काठी काखेत धरून आपला हात वर केला. मग रघुवीरचा हात वर गेला. मग जिन्याजवळचे दोन. मग एका मुलीने आपल्या आजीचा हात धरून वर केला. हळूहळू आणखी हात वर आले.

दुसऱ्या दिवशी, मावशीच्या ऑपरेशनच्या गुरुवारी, सकाळी सात वाजता हॉस्पिटलच्या रांगेत चाळीतली अकरा माणसं उभी होती. सगळ्यात पुढे मावशी, तिचा हात धरून कौसल्या. मोतीबिंदू कापला की दिसतं, गोळी घेतली की ब्लडप्रेशर उतरतं, याला कुणाच्या कृपेची गरज नाही, फक्त कोणी काही सांगितलं की "कसं?" एवढं विचारायची हिंमत लागते. ती हिंमत नसती, तर त्या रांगेतली अकरा माणसं त्या सकाळी घरीच बसली असती.